अंगठ्याला लावलेली गोगलगाय

आयुष्यभर मी वर्गात घसा फोडून सांगत आले, की बाबांनो शिका, अंगठेबहाद्दर राहू नका. आणि ज्या वयात माणसाने पाय पसरून वर्तमानपत्र वाचावं, त्या वयात एका मशीनने मला सांगितलं, की बाई, तुम्ही अंगठेबहाद्दर व्हायच्याही लायकीच्या नाही. शब्द असे नव्हते. मशीन सभ्य होतं. त्याच्या चिमुकल्या पडद्यावर फक्त 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच यायचं, आणि शेजारी एक लाल फुली. लाल फुल्या मारणं हा माझा धंदा होता. गणिताच्या वह्यांवर मी इतक्या लाल फुल्या मारल्या आहेत की त्या जोडल्या तर चांगलं लांबलचक कुंपण होईल. पण फुली उलट दिशेने माझ्याकडे यायची ही पहिलीच वेळ होती, आणि तीही सगळ्या रांगेसमोर.

त्या रांगेत मी उभी होते ती ताईसाठी. माझी ताई समुद्रापलीकडे तिच्या लेकीकडे राहते. पूर्वी ती यायची. मग गुडघे गेले, आणि गुडघ्यांपाठोपाठ डोळे गेले. आता तिला खिडकी कुठे आहे ते कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. भाचीने मोठ्या हौसेने व्हिडिओ कॉल सुरू करून दिला, पण ताई फोन जुन्या सवयीने कानाला लावते. त्यामुळे गेली काही वर्षं मी माझ्या बहिणीचा फक्त उजवा कान पाहते आहे. कान चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्या कानाशी मी रोज संध्याकाळी बोलते, आणि भाची म्हणते, मावशी, निदान तू तरी कॅमेऱ्यात बघून बोल. कानाकडे बघून कसं बोलायचं ते तिने एकदा दाखवावं.

मग एका संध्याकाळी ताई म्हणाली, "चिमे, फोनात तू अख्खी असतेस गं, पण हाताला लागत नाहीस. एकदा येऊन जा."

चिमी म्हणजे मी. साठी ओलांडलेल्या, निवृत्त, चष्मा लावणाऱ्या बाईला चिमी म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं आहे. त्या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासून काढली. मला रडायचं असलं की मी भांडी घासते. नळाच्या आवाजात कोणाला कळत नाही. आमच्या ह्यांना वाटतं, आपली बायको फार टापटिपीची आहे.

तर आम्ही दोघांनी व्हिसाचा अर्ज केला आणि बोटांचे ठसे द्यायला गेलो. आधी ह्यांनी बोटं ठेवली. हे लिफ्टच्या कंपनीत देखभाल विभागात होते. त्यांच्या दाही बोटांचे ठसे पहिल्या फटक्यात उमटले. पुस्तकात छापावेत असे ठसठशीत. हे माझ्याकडे वळून असे हसले, जसा एखादा ढ मुलगा चुकून पहिला आल्यावर हसतो. मग मी बोटं ठेवली आणि फुली आली.

खिडकीतला तरुण भला होता. हात धुऊन या म्हणाला, धुऊन आले. पुसून कोरडे करा म्हणाला, केले. मग म्हणाला, कपाळावर बोटं घासा, कपाळाचं तेल लागलं की ठसा येतो. माझं कपाळ मी आजवर निराळ्या कामांसाठी राखून ठेवलं होतं, पण घासलं. फुली. "आजी, जरा जोरात दाबा," तो म्हणाला. आजी हा शब्द मी गिळला. असल्या गोष्टींत खिडकीतला माणूस नेमका आपला जुना विद्यार्थी निघतो आणि उठून पाया पडतो. मी त्याच्याकडे आशेने पुष्कळ वेळ पाहिलं. तो माझा विद्यार्थी नव्हता. कुठल्या तरी दुसऱ्या बाईंच्या वर्गात शिकून तो हुशार झाला होता.

माझे ठसे कुठे गेले याचा हिशोब अवघड नाही. अर्धे खडूने खाल्ले. खडू कोरडा असतो, तो बोटातला ओलावा पिऊन घेतो, आणि मला फळ्यावर कंपास न घेता गोल काढायची खोड, म्हणजे अंगठा सतत फळ्याला घासलेला. उरलेले भांड्यांच्या साबणाने नेले. म्हणजे एका परीने माझे ठसे हरवलेले नाहीत. काही शाळेच्या फळ्यावर आहेत, काही सिंकमधून वाहून गेले. पण मशीनला हे कोण सांगणार?

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून बोटं पाहिली आणि सांगितलं, की रेषा झिजल्या आहेत, सुकल्या आहेत, पण मेलेल्या नाहीत. साबण बंद करा, दिवसभर काहीतरी ओलावा देणारं लावत राहा, साधी क्रीमही चालेल, आणि धीर धरा. तसं प्रमाणपत्रही दिलं. ते घेऊन मी ताठ मानेने खिडकीशी गेले. तरुणाने ते नीट वाचलं आणि खेदाने परत केलं. ज्यांना बोटंच नाहीत त्यांच्यासाठी वेगळा नियम आहे, तो म्हणाला, पण तुम्हाला बोटं आहेत. मी हात पाठीमागे घेतले. आपल्याला बोटं असल्याची लाज वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रसंग. पुढच्या महिन्यातली एक तारीख मिळाली. तेव्हाही ठसे आले नाहीत तर अर्ज रद्द, आणि मग सगळं पहिल्यापासून. संध्याकाळी ताईने विचारलं, झालं का गं? मी म्हणाले, होतंच आहे.

घरी त्याच दिवसापासून भांडी ह्यांच्याकडे गेली. ह्यांनी कामाला हात घालण्याआधी सिंकची पाहणी केली, कुठे पाणी तुंबतं ते बोटाने दाखवलं, आणि इतकी वर्षं तू हे चुकीच्या दिशेने घासत होतीस असं सांगितलं. ह्यांच्या मते जगातली सगळी दुखणी वंगण न घातल्याने होतात. मशीन बिघडलेलं नाही, माणसालाच ग्रीसिंग कमी पडलंय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. परिणाम असा झाला, की माझ्या बोटांची बातमी सगळ्या इमारतीत पसरली. जिन्यात लोक माझ्या तोंडाऐवजी हातांकडे बघून चौकशी करायचे. समोरच्या वहिनी म्हणाल्या, कोमट मेणात बोटं बुडवा. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, बारीक सँडपेपर मारा, खालचे नवे ठसे वर येतील. वकिलांनी जिवंत माणसाला सँडपेपर मारायला सांगावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि मग पार्लरवाली आली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर तिचं ब्युटी पार्लर आहे. मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. गणिताच्या शिक्षिकेला चेहरा लागत नाही, आवाज लागतो. ती स्वतः वर आली, माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "बाई, तुम्ही गोगलगाय लावा."

मी म्हणाले, कुठे?

मग तिने समजावलं. गोगलगायीच्या अंगातून जो चिकट स्राव निघतो, तो गोळा करून, गाळून, स्वच्छ करून बाटलीत भरतात. परदेशातल्या बायका तो तोंडाला लावतात, आता इथल्याही लावतात. त्याने कातडी पाणी धरून ठेवते, कोरडेपणा जातो, बारीकसारीक चिरा लवकर भरून येतात, आग होत असली तर शांत होते, आणि नेमाने लावलं तर सुरकुत्याही मवाळ दिसतात. मी विचारलं, सिद्ध झालंय का हे? ती प्रामाणिक बाई आहे. म्हणाली, थोडेफार प्रयोग झालेत, पण लहान लहान, छातीठोकपणे कोणी सांगत नाही. चांगल्या क्रीमनेही यातलं बरंच होतं. पण बाई, माझ्या गिऱ्हाइकांच्या गालांना कुठे प्रयोग वाचता येतात?

"म्हणजे रेषा जातात?" मी विचारलं.

"जातात."

"पण मला त्या आणायच्या आहेत."

अख्ख्या जगात लोक हे रेषा घालवायला लावतात आणि ही एकटी बाई आणायला लावणार, हा पेच तिच्यापुढेही पहिल्यांदाच आला असावा. मग म्हणाली, मनुका पाण्यात टाकली की कशी फुगते? तुमचं बोट तसं फुगेल, आणि दबलेल्या रेषा वर येतील. मी म्हणाले, मनुका फुगते खरी, पण तिच्या रेषा जातात, म्हणजे तुमचं उदाहरण उलट बाजूने आहे. ती म्हणाली, बाई, तुम्ही आता शाळेत नाही. ते मात्र खरं होतं, म्हणून मी बाटली घेतली.

वापरायची पद्धत तिने मला दोनदा म्हणून दाखवायला लावली. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट बघायची, खाज किंवा लाली आली तर नाद सोडायचा. हात धुऊन, ते ओलसर असतानाच पातळ थर द्यायचा, कारण स्राव पाणी धरतो, पण धरायला आधी पाणी हवं. तो मुरला की वर साधी क्रीम, म्हणजे धरलेलं पाणी उडून जात नाही. आणि शेवटचं, फार महत्त्वाचं: ठसे द्यायच्या दिवशी काहीही लावायचं नाही. मी मान डोलावली. मुलं वर्गात मान डोलावतात तशी.

आता एक अडचण सांगायची राहिली. ताईला गोगलगायीची भयंकर भीती वाटते. साप, विंचू, चोर यांना ती घाबरत नाही. आम्ही लहान असताना न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर गोगलगायी यायच्या. एखादी दिसली की ताई उलट्या बादलीवर चढून बसायची आणि तिथून किंचाळायची, "चिमे, काढ ती!" मग मी वहीचा पुठ्ठा घेऊन जायचे, गोगलगाय त्यावर घ्यायचे आणि भिंतीपलीकडे सोडायचे. बाकी सगळ्या बाबतीत ताई मोठी होती. माझी वेणी ती घालायची, माझं दप्तर ती भरायची, रस्ता ओलांडताना माझं मनगट तिच्या मुठीत असायचं. फक्त गोगलगाय आली की मी मोठी व्हायचे. त्या दोन मिनिटांसाठी मी मनोमन गोगलगायींची वाट बघायचे, हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही. तेव्हा बाटलीबद्दल ताईपुढे अवाक्षर काढायचं नाही, असं मी ह्यांना बजावलं.

प्रयोग सुरू झाला. कोपराला काही झालं नाही. बाटलीतून जे आलं ते पाण्यासारखं स्वच्छ होतं, वास नव्हता, पण बोटं फाकवली की त्यांच्यामधे तारा लोंबायच्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ मी दाही बोटांना ते लावून हात हवेत धरून बसू लागले. कोणी बेल वाजवली तर मी कोपराने दार उघडायचे, आणि एकदा तर वर केलेले हात बघून पोस्टमनने पार्सल टाकून पाठच फिरवली. चष्मा हाताळला की तो नाकावरून घसरायचा. शेजारच्या मुलीला गणित सांगताना तिची वही माझ्या हाताला चिकटून माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली. दाराच्या मुठी बुळबुळीत झाल्या, आणि हे एकदा बाथरूममधे आतून अडकले. बाहेरून मी उघडू शकत नव्हते, कारण माझे हात मुरत होते. समोरच्या वहिनी आल्या तेव्हा ह्यांची सुटका झाली. ह्यांनी बाहेर येताच ग्रीसिंगचा सिद्धांत मागे घेतला.

तोवर दुसरीकडे एक गंमत झाली. ह्यांचा फोन ह्यांच्या अंगठ्याने उघडेना. भांड्यांच्या साबणाने ह्यांचे ठसठशीत ठसे पुसट होऊ लागले होते. हे फोन पुसायचे, अंगठा फुंकायचे, पुन्हा दाबायचे. बरोबर उत्तर आलं की मी शांत राहते.

पण सगळंच गमतीचं नव्हतं. ताईचा फोन यायची वेळ आणि संध्याकाळचा थर मुरायची वेळ एकच. फोन वाजायचा आणि मी हवेत हात धरून त्याच्याकडे बघत बसायचे. हे खाली फिरायला गेलेले. कोपराने दार उघडता येतं, फोन उचलता येत नाही, मी नाकानेही करून पाहिलं. हात पुसून फोन करेपर्यंत तिकडे ताईची झोपायची वेळ झालेली असायची. वेळ बदलावी तर कारण सांगावं लागणार, आणि कारण भिंतीवर चढणारं. असं बऱ्याचदा झालं. मग भाचीचा निरोप आला: मावशी, आई विचारते, तू रागावलीस का? ये म्हटलं ते चुकलं का माझं, असं म्हणते.

तो निरोप मी उभ्यानेच वाचला. जिला हात लावता यावा म्हणून मी हा सगळा खटाटोप करत होते, तिच्या कानाला आता माझा आवाजही लागत नव्हता. मला त्या बाटलीचा इतका राग आला की ती खिडकीतून फेकायचीच बाकी होती. भांडी घासावीत तर तीही माझी राहिली नव्हती. शेवटी ह्यांनी फोन लावला आणि माझ्या कानाशी धरून उभे राहिले. माझे हात हवेत. मी म्हणाले, ताई, रागावले नाही गं, येण्याच्याच तयारीत आहे, म्हणून हात मोकळे नसतात. ती म्हणाली, बरं बाई, ये. मी दार उघडंच ठेवते. पुढे रोज संध्याकाळी हे तसे फोन धरून उभे राहिले. आम्हा दोघींचं बोलणं संपेपर्यंत त्यांचा हात अवघडायचा, पण त्यांनी खाली घेतला नाही.

एक कबूल केलं पाहिजे. बोटांना लावून जे तळहातावर उरायचं ते वाया जाऊ नये म्हणून मी गालांना पुसायचे. केवळ काटकसर. एके दिवशी हे मला निरखून म्हणाले, तुला ताप आहे का? चेहरा चकाकतोय. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याकडून मिळालेलं हे कौतुक मी तसंच ठेवून घेतलं.

ठरलेला दिवस उजाडला. बोटं खरोखर सुधारली होती. भिंगाखाली अंगठ्यावर बारीक रेषा दिसत होत्या, कागदावरच्या फिकट पेन्सिलीसारख्या. पार्लरवालीने पुन्हा बजावलं होतं, आज काही लावू नका. मीही ठरवलं होतं. पण रांग लांब होती, आतली हवा कोरडी होती, आणि माझ्या पुढच्या एका गृहस्थांना फुली आली. त्यांचे हात माझ्यापेक्षा बरे होते. मला ताईचं उघडं दार दिसू लागलं. माझा धीर सुटला, आणि धीर सुटला की मी गणिताकडे वळते. मी मनात त्रैराशिक मांडलं: थोड्या थराने इतक्या रेषा, तर भरपूर थराने किती? मुलांना मी हजार वेळा सांगितलं आहे, की त्रैराशिक सगळीकडे चालत नाही, एक मजूर एक खड्डा एका दिवसात खणतो म्हणून हजार मजूर तो डोळ्याचं पातं लवताच खणत नाहीत. स्वतःला सांगायचं राहिलं. मी पर्समधून बाटली काढली आणि दाही बोटांना भरभक्कम थर दिला.

खिडकीशी नंबर आला. मी बोटं काचेवर ठेवली. ती थांबली नाहीत. घसरत जाऊन पलीकडच्या पेनस्टँडला लागली. उचलायला गेले तर बोटं आणि काच यांच्यामधे लांब तारा. मशीनने या वेळी फुलीसुद्धा दिली नाही, पडदा नुसता पांढरा झाला. तरुणाने फडक्याने काच पुसली, त्याने थर काचभर सारखा पसरला. मागच्या बाईंनी बोटं ठेवली, तीही घसरली. मग खिडकी बंद झाली, आणि रांगेला कळलं की कोणामुळे झाली. लोकांचं ते बघणं मला ओळखीचं होतं. वर्गात एकाच्या चुकीसाठी सगळ्यांची सुट्टी रद्द केली की मुलं त्या एकाकडे तसंच बघतात.

"हे काय लावलंय तुम्ही?" तरुणाने विचारलं.

खोटं बोलायला मला जमत नाही. मी म्हणाले, गोगलगाय. दारावरचा रखवालदार एक पाऊल मागे सरला. तरुणाने आत जाऊन वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्या आल्या, त्यांनी काच पाहिली, माझे हात पाहिले, मग माझा चेहरा जरा जास्तच वेळ पाहिला. मी सगळं सांगितलं. खडू, भांडी, मनुका, त्रैराशिक, आणि शेवटी ताईचा कान. सांगता सांगता माझा आवाज चिरकला, आणि नळ कुठेच जवळपास नव्हता.

त्या बाईंनी मला आतल्या बेसिनकडे नेलं, स्वतः नळ सोडला आणि हळूच विचारलं, कुठल्या कंपनीचं आहे हो? तोंडाला चालतं ना? मी म्हणाले, चालतं, पण आधी कोपराला लावून बघा. हात नुसत्या पाण्याने धुतले, त्यांनी टिपकागद दिला, आणि म्हणाल्या, बोटं आपोआप वाळू द्या, सगळे गेले की शेवटी घेऊ. मग मी आणि हे बाकड्यावर बसून राहिलो. मी हात मांडीवर उताणे ठेवले होते. ह्यांनी अधूनमधून माझ्या अंगठ्यावर फुंकर घातली. एवढ्या लोकांत ते असं काही करतील असं मला वाटलं नव्हतं.

रांग संपली. काच तरुणाने लखलखीत केली होती. चार बोटं ठेवली, हिरवी बरोबरची खूण आली. दुसरी चार, हिरवी. डावा अंगठा जरा कुरकुरला, मग आला. राहिला उजवा, फळ्यावर गोल काढणारा. 'पुन्हा प्रयत्न करा.' 'पुन्हा प्रयत्न करा.' तरुण म्हणाला, "बाई, दाबू नका. नुसता ठेवा. कोणाच्या हातात ठेवतो तसा." या वेळी तो आजी म्हणाला नाही. मी डोळे मिटले आणि अंगठा ठेवला. डोळे उघडले तेव्हा हे मोठ्याने श्वास सोडत होते आणि पडद्यावर हिरवी खूण होती.

मग बॅगा, विमान, पाय सुजणं, हे सगळं झालं. ते सगळ्यांचंच होतं. भाचीच्या घराचं दार खरंच उघडं होतं. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, उजेडाकडे तोंड करून. मी किती वर्षांनी तिचा दुसरा कान पाहिला. ती इतकी लहानशी झाली असेल असं मला वाटलं नव्हतं. वाटेत काय काय बोलायचं ते मी ठरवलं होतं, त्यातलं काहीही तोंडातून येईना. मी नुसती जाऊन खाली बसले आणि तिच्या हातात हात दिले.

तिने माझी बोटं चाचपली. एकेक करून, शेंड्यापासून मुळापर्यंत. मग तिचा चेहरा उतरला. माझ्या गालावरून हात फिरवला, आणि हात मागे घेऊन भाचीच्या दिशेने म्हणाली, "चिमी नाही आली? तिने कोणाला पाठवलंय? हिचे हात किती मऊ आहेत. चिमीचे हात खडूसारखे लागतात."

मशीनला मी पटले होते, पण ज्या दोन हातांना पटावं म्हणून हे सगळं केलं, त्यांनीच मला फुली मारली होती. मी म्हणाले, ताई, मीच आहे गं, पण रडण्यामुळे आवाज माझा राहिला नव्हता. मग मला दिसलं, की तिची खुर्ची खिडकीला तिरपी लावलेली आहे आणि खुर्चीचा एक पाय गालिच्याच्या कडेवर डुगडुगतो आहे. सवयीने तोंडून निघालं, "ही खुर्ची कोणी अशी वाकडी ठेवली? काटकोनात ठेवता येत नाही?"

ताई हसायला लागली. हसता हसता तिने अंदाजाने हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं, रस्ता ओलांडताना धरायची तसं. "आलीस होय," म्हणाली. "पण हातांना काय करून घेतलंस हे?"

बॅगेतली बाटली मला आठवली. ह्यांनी मागून खूण केली, सांगू नकोस. पण खोटं बोलायला मला जमत नाही, आणि ताईशी तर कधीच जमलं नाही.

"गोगलगाय लावली," मी म्हणाले. "तिच्या अंगाचा चिकट स्राव असतो ना, तो. रोज तीनदा लावत होते. तुझ्याकडे यायला ठसे उमटेनात म्हणून."

ताई शहारली. अंग चोरून, गुडघे विसरून तिने दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले, न्हाणीघरातल्या बादलीवर घ्यायची तसे. "शी," म्हणाली. "शी गं चिमे."

पण माझा हात तिने सोडला नाही.